बोगद्यातला शॉर्ट

— नाही हो, आत आत्ता नको, इथेच बसा स्वयंपाकघरात. बाबा झोपलेत. त्यांचा पलंग त्याच खोलीत आहे ना, खेळातल्या आगगाड्यांच्या टेबलाला अगदी खेटून. उठले की आपणच खोकतात, मग जाऊ आपण. ती पिशवी ठेवा खाली, जड दिसतेय. आणि जरा हळू बोला — म्हणजे तुम्ही काही बोलतच नाही आहात, मी मलाच सांगतेय. ही मधली भिंत म्हणजे नुसतं प्लायवूड आहे. चहा घेणार? घ्या, मलाही हवाय. कामावरून आले ती अजून टेकलेली नाही.

तर फोनवर सांगितलं तसंच आहे. रुळांना करंट देणारी ती पेटी सुरू केली की लाल दिवा लागतो, टी-टी-टी करते आणि सगळं ठप्प. शॉर्ट आहे. हो, मुख्य दोन तारा मी बघितल्या. त्यांच्यातून रुळांच्या प्रत्येक तुकड्याला ज्या बारीक तारा जातात, त्याही एकेक सोडवून पुन्हा जोडल्या. गाडी जिथून वळून उलटी येते त्या वळणाचं वेगळं यंत्रही बदललं, कारण तुमच्या दुकानातले ते जाड भिंगवाले म्हणाले, बाई, नवशिक्यांचा घोळ नेहमी तिथेच होतो. नवशिक्या! अहो, चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून काचा बसवते मी, अर्धं आयुष्य गेलं त्यात. नखाएवढा स्क्रू डोळे मिटून फिरवीन. पण जाऊ दे. ते तरी काय करणार, समोर बाईमाणूस सोल्डरिंगची तार मागतंय म्हटल्यावर.

आधी साधंच होतं सगळं. म्हणजे साधं कसलं — टेबलाखाली वाकून बघितलं तर नुसता केसांचा गुंता. बाबांनी उभारलंय ते, दातांच्या कवळ्या बनवायचे ते, त्यामुळे डोंगरसुद्धा कवळीच्या प्लास्टरचे आहेत. रंग उडालाय तिथे गुलाबी दिसतात, बघालच. तर रूळ तुकड्या-तुकड्यांत तोडलेले, प्रत्येक तुकड्याला वेगळं बटण, आणि ती बटणं दोन पाट्यांवर. एक पाटी दाराजवळ, गावाची. दुसरी पार खिडकीपाशी, डोंगराची. एका माणसाचे हात दोन्हीकडे पोचायचे नाहीत. मुद्दामच केलं होतं तसं, बाप-लेकांनी मिळून खेळायला. गावाकडच्याने गाडी पाठवायची आणि म्हणायचं, "सोडली." डोंगराकडच्याने बटण दाबून म्हणायचं, "घेतली." बस. घरात दुसरं बोलणं असो नसो, हे दोन शब्द रोज संध्याकाळी ऐकू यायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा मला हसू यायचं. एवढाले दोन पुरुष, आणि सोडली-घेतली.

साखर घालू? — बरं.

मग लेक गेला. नाही नाही, तसा गेला नाही, चांगला धडधाकट आहे. नोकरीला म्हणून परगावी गेला आणि तिकडचाच झाला. आधी फोन यायचे, मग फोन कमी झाले, मग त्याचा वकील आला, घटस्फोटाचे कागद घेऊन. तिकडे त्याचं दुसरं घर आहे, मूल आहे. मी माझं सामान बांधायला घेतलं — आता कुठल्या नात्याने राहायचं इथे? बाबा दारात येऊन उभे राहिले. वाटलं, काहीतरी बोलतील मुलाबद्दल. चांगलं-वाईट, काहीतरी. तर म्हणाले, "सूनबाई, डोंगराकडे कोणी नाही." एवढंच. मी तशीच हातातली घडी ठेवली आणि जाऊन खिडकीपाशी बसले. त्यांनी म्हटलं, "सोडली." मला कुठलं बटण तेसुद्धा ठाऊक नव्हतं, गाडी मध्येच थांबली पुलावर. ते गावाच्या पाटीवर हात ठेवून बसले. वाट बघत राहिले. सापडलं मला बटण शेवटी, आणि मी म्हटलं, "घेतली." त्यानंतर सामान बांधायचा विषय आमच्यात निघाला नाही.

तुम्ही म्हणाल, मग हे डिजिटलचं खूळ कुठून आलं? चालत होतं ते चालू द्यायचं. पण माझी बदली झालीय हो. आमच्या मालकांनी दुसऱ्या गावात दुकान काढलं, तिथलं मागचं काम बघायला मी जायचंय. मोठं काम आहे, नाही म्हणण्यासारखं नाही. — बाबांना बरोबर न्यायचं? विचारलं की. विचारलं नाही असं कसं होईल! म्हणाले, टेबल दारातून निघत नाही. खरंच निघत नाही, खोलीतच बांधलंय ते. शेजारच्या बाई दोन्ही वेळचं जेवण आणून देणार आहेत, औषधं बघणार आहेत, तशा चांगल्या आहेत. पण डोंगराच्या पाटीवर त्या काही बसणार नाहीत. मग मी चौकशी करत करत तुमच्या दुकानात पोचले. त्या भिंगवाल्यांनी समजावलं — आता रुळांत सगळीकडे सारखाच करंट राहतो, हुकूम जातो तो इंजिनाला, प्रत्येक इंजिनाच्या पोटात चिप, प्रत्येकीला आपला नंबर. एकाच रुळावर दोन गाड्या वेगवेगळ्या चालवा, सांधेसुद्धा, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते त्या जागा, हातातल्या रिमोटवरून बदला, पलंगावर बसून. एकटा माणूस सगळं चालवू शकतो. मला तेच हवं होतं. एकटा माणूस.

बाबांना सांगितलं. म्हणाले, "बरं." ते सगळ्यालाच बरं म्हणतात. मुलाच्या वकिलालाही बरंच म्हणाले होते. पण मी टेबलाखाली उताणी पडून जुन्या तारा कापायला लागले, तसे खुर्ची ओढून शेजारी बसले. मदत केली का? केली आणि नाहीही. रुसलेला माणूस कशी मदत करतो, तशी. मी हात बाहेर काढला की पकड हातात यायची, मी मागायच्या आधी. तारेची कातडी सोलायची कुठली, सोल्डरचा थेंब किती, सगळं त्यांना माझ्याआधी कळायचं, पण तोंडातून शब्द नाही. सोल्डरचा एक थेंब माझ्या गालावर पडला, हा बघा डाग, तर उठून गार पाण्याचं फडकं आणून दिलं. माझी तर वर बघून बघून मान पार आखडून गेली. रुळांचे सांधे नवे झाले, आमच्या दोघांचे कामातून गेले.

आणि चाललं हो सगळं! पहिल्या फटक्यात चाललं. मी दोन इंजिनं एकाच रुळावर ठेवली, ते जुनं काळं आणि हे लाल. एकाला पुढे पाठवलं, दुसऱ्याला मागे उभं केलं, मग दुसऱ्याला हलवलं. सांधा बदलला. काळं डोंगरातून वळून आलं आणि लाल त्याला वाट देऊन बाजूला थांबलं. मी रिमोट त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी हात लावला नाही. गाड्यांकडे बघतच म्हणाले, "म्हणजे दुसरा माणूस नको." मी म्हटलं, "नको." — काय करू, तोंडातून निघून गेलं. हेच तर मी करत होते इतके दिवस, तरी त्यांच्या तोंडून ऐकल्यावर हातातला स्क्रूड्रायव्हर कुठे ठेवू ते कळेना.

घ्या, चहा घ्या. गार होतोय.

त्याच संध्याकाळी मी त्यांना भीती वाटू नये म्हणून दाखवलं, की हे बघा बाबा, दोन रुळांवर नाणं आडवं टाकलं की पेटी आपणच बंद होते, काही जळत नाही, धोका नाही. तर त्यांनी लक्ष देऊन बघितलं. दिवसभरात पहिल्यांदाच लक्ष दिलं. आणि दुसऱ्या दिवशी मी कामावरून येते तो लाल दिवा, टी-टी-टी.

— हसू नका. हसलात तुम्ही. बघितलं मी.

हो, कळलं मला. पण लगेच नाही हो कळलं! आधी मी माझ्याच जोडणीला दोष दिला. तारा सोडव, तारा जोड, वळण तपास. नाकी नऊ आले. ते आपले पलंगावर बसून बघताहेत. शेवटी एकेक भाग तोडत तोडत बोगद्याशी आले. आता बोगद्यात एक सांधा आहे, जिथे दोन रूळ अगदी चिकटल्यासारखे जवळ येतात. वरून प्लास्टरचा डोंगर, हात जायचा तर खालूनच, टेबलाखाली सरपटत जाऊन. तिथे कोण जाणार? म्हणून मी तो सोडूनच दिला होता. बाबांचा दात बघायचा आरसा घेतला, लांब दांडीचा, बॅटरी घेतली आणि बघितलं. तर त्या फटीत चांदी. गोळ्यांच्या पाकिटाची चांदी, छान घडी घालून, चिमट्याने दाबून बसवलेली. रक्तदाबाची गोळी. रोज सकाळी मीच फोडून देते ती.

राग आला का? आला ना. पण कशाचा सांगू — त्या गुडघ्यांचा! संडासातून उठताना भिंत धरतात हो ते, आणि मी कामावर गेले की टेबलाखाली सरपटतात! पडले असते तर? कोणाला कळलं असतं?

मी काढली ती चांदी. पेटी चालू केली, सगळं धडाधड चाललं. मग बंद केली. आणि पुन्हा होती तशी घालून ठेवली. — का म्हणजे? काढली तर त्यांना कळलं असतं ना, मला कळलंय म्हणून. मग एकमेकांच्या तोंडाकडे कसं बघायचं? मी म्हटलं, "बाबा, नाही सापडत." ते म्हणाले, "तुला नाही जमायचं. माणूस बोलव." म्हणून तुम्ही. तेव्हा असं करा — आत जा, इकडे-तिकडे बघा, टेबलाखालून बोगद्यात हात घाला, ती चांदी मुठीत घ्या आणि सांगा की रूळ तापून वाकला होता, की उंदराने काही ओढून आणलं, तुम्हाला सुचेल ते. फक्त त्यांच्यावर येऊ देऊ नका. आणि ठणकावून सांगा की आता हा दोष पुन्हा येणार नाही. तुम्ही बाहेरचे, तुमचं ऐकतील. मला आता थांबता येत नाही हो. तिकडे आमच्या घराला रंग देऊन झालाय, तो एकटाच खपतोय, रोज विचारतो —

कोण म्हणजे? कोणी नाही. मालक. दुकानाचे मालक.

…बरं. आहे एक. शाळेची बस चालवतो. तुम्हाला सांगून काय बिघडतंय, तुम्ही पुन्हा थोडेच भेटणार आहात. चष्म्याची दांडी मोडली म्हणून आला होता दुकानात. मग पुन्हा मोडली. मग पुन्हा. आम्ही आत हसायचो, की काय माणूस आहे, चष्म्यावर बसतो की काय! नंतर त्यानेच कबूल केलं, दाराबाहेर उभा राहून हाताने मोडायचा. माझ्या वाट्याला सगळे असेच बघा, मोडून ठेवणारे. एक यायला म्हणून मोडतो, एक मी जाऊ नये म्हणून.

— कसलं वाजलं? खुर्ची सरकली वाटतं. नाही, कूस बदलली असेल. पलंग करकरतो तो.

हे बाबांना ठाऊक नाही. बदलीचंच ठाऊक आहे. बदली खरी आहे हो, खोटं नाही बोलले मी, पण मागून घेतलेली आहे. कसं सांगू? त्यांच्या मुलाने मला टाकलं, आणि त्यांनी ठेवून घेतलं. एका शब्दाने कधी दुखावलं नाही. लोकांनी विचारलं, ही कोण, तर सांगायचे, ही आमची. नुसतं "आमची". आणि आता मी त्यांना म्हणू, बाबा, मी दुसऱ्याची होतेय? माझी जीभ रेटत नाही. रात्री ठरवते, सकाळी सांगायचं. सकाळी गोळी फोडून देते आणि निघते. मी दमले हो. तारांनी नाही दमले. मला वाटलं, एकदा हे सगळं त्यांच्या हातात आलं, एकट्याने चालवता आलं, की माझं मन मोकळं होईल. मशीनने होत असतं का असं? पण दुसरं काय देऊन जाणार होते मी त्यांना? मला तारा जोडता येतात, त्या जोडल्या. त्याने विचारलं, म्हाताऱ्यांना सांगितलंस का, तर मी त्याच्यावरच ओरडले, की म्हातारे म्हणू नकोस —

थांबा.

ऐका. गाडी आहे ती. काळं इंजिन, वळणावर घासतं त्याचं चाक. पण पेटी तर — म्हणजे त्यांनी स्वतःच चांदी काढली. आत्ता. गुडघ्यांवर जाऊन, आत्ताच्या आत्ता, आपण इथे — उठू नका, उठू नका हो, जरा थांबा. पुलावर आली. आता डोंगराकडे. एकटीच फिरवताहेत.

नाही. दुसरी सुटली. लाल. ऐकलंत? दोन आहेत. एक थांबली, वाट दिली तिने… आता निघाली. दोन्ही चालल्यात. हात लावत नव्हते हो रिमोटला! कधी शिकले? त्या एका संध्याकाळी नुसते बघत होते…

म्हणजे जागे होते. म्हणजे मी मघापासून जे बोलले ते सगळं —

काय हो, बाबा? हो, आहेत, इथेच आहेत. — ऐकलंत ना? "त्या माणसाला सांग, दोष सापडला म्हणावं. त्याला आता जाऊ दे."

जा तुम्ही. राहू दे तो कप तिथेच. नाही, काही बघायचं नाही आत. जा. दार हळूच ओढून घ्या.