समोरचा वकील बाजूच्या खोलीत

...छत! छताचं कौतुक मला सांगू नका राव! छताखाली तर जनावरांचा गोठाबी असतो, पर गोठ्यात निदान मारका बैल एका कोपऱ्यात आन शेळी दुसऱ्या कोपऱ्यात बांधायची अक्कल असती माणसाला... हितं तर... थांबा, तुम्हाला सांगतो, पयल्यापासून सांगतो, नसता तुम्ही म्हणाल हा गडी वकिलांच्या मागं हात धुऊन काऊन लागलाय!

तर आमच्या अहमदपूरच्या शरणम्मा. वय बासष्ट, आवाज पंचवीसचा. अकरा बायांना संगं घेऊन बचत गट चालवतेत, धपाट्याचं पीठ करतेत. ज्वारी, हरभरा, गहू, तीळ, ओवा, आन आणखी एक काय तरी, जे त्या दार लावून टाकतेत आन अकरा बायांपैकी एकीलाबी ठावं न्हाई. पाकिटावर नाव 'शरणम्माचं धपाटं', खाली त्यांचा डोक्यावर पदर घेतलेला फोटो... आन त्या फोटोत बाई अशी बघती, अशी बघती, की गिऱ्हाइकाला वाटावं आपुनच काय तरी चोरलंय! पर पीठ? लातूर-नांदेडच्या प्रदर्शनात दुपारपर्यंत टेबल रिकामं!

हे कळलं एका बड्या कंपनीला. म्हणली, तुमचं पीठ आम्ही देशभर विकतो. आन धाडला बत्तीस पानांचा करार, सगळा इंग्रजीत! गटात आनंदीआनंद. बारा महिने काम मिळणार म्हणल्यावर पार्वतीबाई, जी नांदेडला कुणाच्या घरी स्वयंपाकाला राहायला निघालती, तिनं बांधलेलं गाठोडं सोडलं. हे ध्यानात ठेवा. शरणम्मानं तर ध्यानातच ठेवलं होतं, छातीवर धोंडा ठेवावा तसं.

आता करार वाचायचा कोणी? हितं आले जावई. रविकिरण. शिकलेला, इस्तरीचा, बोलायला लागला की 'ब्रँड' शिवाय वाक्य संपत न्हाई. म्हणला, "अम्मा, लातूरला औसा रोडला एक फर्म आलीया, फुल सर्व्हिस! कंपनी काढायची, करार करायचे, नाव नोंदायचं, कामगारांचं, करांचं, भांडणाचं, कंपनी बंद करायचं, सगळं एकाच छताखाली!"

शरणम्मा म्हणल्या, "म्हंजे बारशापासून बाराव्यापर्यंत?"

"हाव!"

"आन मधी जगायचं कुठं?"

जावयानं गाडी काढली.

तिसरा मजला. काचाच काचा! तुम्हाला सांगतो, दार कोणतं आन भिंत कोणती कळंना. जावई सरळ भिंतीतनं आत निघालता, कपाळाला टेंगूळ आलं. आत थंडगार. खुर्ची अशी मऊ की शरणम्मा बसल्या आन खालीच चालल्या, खालीच चालल्या, टेबलाच्या वर निस्ता पदर दिसाय लागला! भिंतीवर सोनेरी अक्षरात तेच, सगळं एकाच छताखाली!

त्यांच्या वाट्याला आल्या पूनम मॅडम. तरणी पोर, काळा कोट, गोड बोलणं. "अम्मा, करार मी पाहिलाय. नेहमीचीच कलमं आहेत. जिथं पेन्सिलीची फुली आहे, तिथं सही करा."

जावई म्हणला, "करा अम्मा, करा, नेहमीचीच हायत."

आता शरणम्मानं काय करावं? पेन घेतलं, टोपण काढलं, आन टोपण परत लावलं. "वाच," म्हणल्या.

"अम्मा, बत्तीस पानं आहेत."

"मला बी दुसरं काम न्हाई. मराठीत वाच. मी बत्तीस पानांवर अंगठा उठवायला आले न्हाई, मला सही येती."

वाचू लागली बिचारी. एक, दोन, पाच, आठ... जावई पेंगला. अकराव्या कलमाला आली आन जरा अडखळली पोरगी. "'शरणम्मा' हे नाव, त्यांचं चित्र, सही आणि आवाज, यांचे सर्व हक्क कायमस्वरूपी, जगभरासाठी, कंपनीकडे जातील..."

"थांब. जगभर?"

"हो."

"आन मी?"

"तुम्ही पीठ विकू शकता, पण दुसऱ्या नावानं."

"दुसरं कुठून आणू? बारशात आईबापानं एकच ठेवलंय! आन आवाज जगभर त्यांचा म्हणल्यावर मी आमच्या मालकाला हाक मारायची का न्हाई? का कंपनीला विचारून मारायची?"

जावई जागा झाला. "अम्मा, ते ब्रँडचं असतं..."

"तू गप. तुझं नाव मागितलंय का कुणी?"

खरं सांगतो, कुणीच मागितलं नव्हतं. गडी खाली बघाय लागला.

पूनम मॅडम म्हणल्या, "बरं, अम्मा, मी हे कलम काढायला सांगते. आत्ताच समोरच्या वकिलांना मेल पाठवते." टकटक केलं, पाठवला मेल. आन राव... बाजूच्या काचेपलीकडं... 'टिंग'!

टिंग झालं, आन तिथनं एक गडी खुर्चीत बसल्या बसल्या ओरडला, "पूनम, अकरा नंबर काढता येणार नाही गं! त्या नावासाठीच तर कंपनी आली आहे, पीठ काय कुणीही करेल!"

पूनम मॅडमनं लॅपटॉप झटक्यानं मिटला.

शरणम्मा त्या मऊ खुर्चीतनं दोन्ही हातांनी जोर लावून वर आल्या. "ते कोण?"

"ते... शिवम सर. समोरचे वकील."

"समोरचे? हे तर बाजूचे हायत!"

"अम्मा, कंपनीचं काम पुण्याच्या आमच्या शाखेतून आलंय. पण आमच्यात माहितीची भिंत असते, इकडचं तिकडे जात नाही."

"भिंत? काच हाय माय ती! मला त्याच्या चहाच्या कपातली माशी दिसून राहिली!"

तुम्हीच सांगा! मारून घेणारा तिथंच आन मारणारा बी तिथंच, चहाचा थर्मास दोघांत एक, आन भिंतीवर सोनेरी अक्षरात काय, तर सगळं एकाच छताखाली! खरंच की! खोटं लिहिलंच नव्हतं त्यांनी, हीच तर गंमत!

जावई म्हणला, "चला अम्मा, निघू, तमाशा नको." आन खरंतर शरणम्मालाबी निघावं वाटलं. गावाकडं अकरा जणी वाट बघत होत्या, पार्वतीबाईनं गाठोडं सोडलेलं होतं, आन हितं आपुन एका कलमापायी सगळ्यांच्या तोंडचा घास... एक घटका त्यांनी पेनाकडं बघितलं बी. मग संगं आणलेल्या पाकिटावरला सोताचा फोटो बघितला. आन फोटोतली बाई बघत होती तश्शीच बघत म्हणल्या, "मी न्हाई उठत."

"म्हणजे?" पूनम मॅडम म्हणल्या.

"त्याला हिकडं बोलीव. तू माझी वकील ना? तो त्यांचा ना? मग भांडा. माझ्यासमोर भांडा. कोर्टात गेले असते तर भांडला असता का न्हाई? हितं तर गाडीभाडं बी लागंना!"

शिवम सर आले. टाय, हसू, सगळं नीट. आन पूनम मॅडमचं तोंड हे एवढंसं, कारण तिची रजा मंजूर करणारे तेच! सुरुवातीला काय भांडतेत... "सर, मला नम्रपणे वाटतं..." "पूनम, तुझा मुद्दा छान आहे, पण..." शरणम्मा कावल्या. "याला भांडण म्हणतेत? आमच्या नळावर याच्यापेक्षा बरं होतंय! पोरी, जरा जोर लाव!"

आन लावला की पोरीनं! काय झालं तिला देवाला ठाऊक, कोटाच्या बाह्या मागं सारल्या आन म्हणली, "सर, कायमस्वरूपी का? पाच वर्षं का नाही? आवाज कशाला हवा, पिठाला आवाज असतो का? उद्या कंपनीनं त्यात भुसा मिसळला तर शिव्या कुणाच्या नावानं खायच्या?" शिवम सर म्हणले, "तू कुणाच्या बाजूनं बोलतेस?" तर पोरगी म्हणली, "अम्मांच्या! माझ्या अशील आहेत त्या!" आन वळून म्हणली, "अम्मा, सही करू नका."

सगळं हापीस उभं राहिलं. मोठे साहेब बाहेर आले, पांढरे केस, आवाज लोण्यासारखा. "अम्मा, गैरसमज झालाय. दोन्ही पक्ष आमच्याकडे असणं बरोबर नाही. एकाला सोडावं लागेल."

"सोडा की मग."

सोडलं. कुणाला सोडलं असंल? कंपनीला? वा रे वा! शरणम्माची फाईल त्यांच्या हातात दिली, वर एक डायरी दिली भेट, आन लिफ्टपर्यंत पोचवलं. सगळं एकाच छताखाली, अन् शरणम्मा तेवढ्या उन्हात!

घरी आल्या आल्या अकराजणींना पुढ्यात बसवून सगळं सांगितलं, काय बी न झाकता. "काम गेलं बायांनो. माझ्यामुळं गेलं." तवा पार्वतीबाई, जिला सगळ्यात जास्त बोलायचा हक्क होता, ती म्हणली, "आज तुमचं नाव गेलं असतं अम्मा, उद्या त्यांनी पीठ दुसरीकडनं दळून घेतलं असतं. तवा आमाला कोण कशाला विचारतंय?" आन उठली, चाळण घेतली.

दुसऱ्या दिवशी शरणम्मा कुठं गेल्या? आमच्याच कोर्टाच्या आवारात. ॲडव्होकेट धम्मप्रिया. एक टेबल, दोन खुर्च्या, एक डुगडुगणारी. छत म्हणाल तर पत्रा, पत्र्याला भोक, आन भोकातनं ऊन बरोबर अशिलाच्या डोक्यावर. पर तिनं पयला सवाल काय केला? "अम्मा, कंपनीनं माझ्याकडं काम दिलंय का, असं आधी मला विचारा." शरणम्मानं विचारलं. ती म्हणली, "न्हाई." झालं! बसल्या डुगडुगत्या खुर्चीत.

त्याच दिवशी गटाच्या नावानं 'शरणम्माचं धपाटं' हे नाव नोंदणीला टाकलं. कंपनीला मराठीत पत्र गेलं, अर्ध्या पानाचं: पीठ घ्या, नाव मिळणार न्हाई. कंपनीनं उत्तर दिलं न्हाई. पुढं म्हणे दुसऱ्याच कुण्या अम्माचं चित्र छापून पीठ काढलं, आमच्या गल्लीतल्या एकानं आणलं होतं, तव्याला चिकटलं. हितं देशभर काही गेलं न्हाई, पर मुखेड, अर्धापूरपर्यंत पाकिटं जाऊन राहिली. पार्वतीबाई नांदेडला जातेत, पर माल घेऊन.

आन महिन्याभरानं धम्मप्रियानं परत पत्र्याखाली बोलावलं. अम्मा, एक कागद राहिलाय, तीन प्रतींत. अर्ज गटाचा हाय, नाव जित्या माणसाचं हाय, तवा त्या माणसाची लेखी संमती लागती. 'मी, शरणम्मा, माझं नाव वापरायला माझी हरकत न्हाई.'

"माझ्याच नावाला माझीच परवानगी?"

"नियम हाय अम्मा."

"आन माझी हरकत असली तर?"

"तर मग अर्ज अडकंल."

लई वेळ त्या कागदाकडं बघत बसल्या बाई. सोळाव्या वर्षी लग्न ठरलं तवा न्हाई, घर बांधलं तवा न्हाई, म्हैस विकली तवा न्हाई, जावई केला तवा तर मुळीच न्हाई... बासष्ट वर्षांत 'तुमची काही हरकत?' असं कुणी म्हणून विचारलं नव्हतं. विचारलं ते सरकारनं. आन करता काय... केल्या सह्या. तिन्ही प्रतींवर.