घर बंद

शिंपीण : ...आणि थर्मामीटर सगळे त्या खोक्यात आहेत. बाराच्या बारा. घेऊन जा भाऊ, आणि दुसऱ्या कुणाला तरी पुढे करा.

वेल्डर : मी खोकं न्यायला आलो नाही, ताई. तुम्हाला न्यायला आलोय.

शिंपीण : साठ शर्टांची काजं पडलीत माझी.

वेल्डर : काजं परवाही होतील. वॉर्ड ऑफिसचे साहेब काय म्हणालेत? पत्र्याच्या घरांत दुपारी किती तापतं त्याची पंधरा दिवसांची नोंद आणा, मग शाळेचा हॉल दुपारी उघडा ठेवतो, छपरांना पांढरा रंग देतो. उद्या सुरू केलं नाही तर हाही उन्हाळा हातचा गेला.

शिंपीण : मागच्या वर्षी दिली होती ना नोंद? म्हणाले, ऊन काय सगळ्यांनाच लागतं.

वेल्डर : पंख्याखाली बसून म्हणाले. पण ती सहाच दिवसांची होती. सातव्या दिवशी तुम्ही दारोदार नोंदीची फेरी सोडलीत.

शिंपीण : तुमची आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी.

वेल्डर : हो. म्हणून तर आलोय. ऊन दर वर्षी चढतंच आहे, आणि वस्तीतल्या बायका तुमच्याशिवाय कुणाला दाद देत नाहीत. मी गेलो की म्हणतात, पत्रा गळत नाही, पुढे जा.

शिंपीण : थांबा, मशीन बंद करते. एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी मी तुमच्या आईंच्या दाराशी आले होते. फेरीत.

वेल्डर : तुम्ही?

शिंपीण : दोनदा वाजवलं. आत हूं नाही की चूं नाही. वाटलं, लेकीकडे गेल्या असतील. वहीत लिहिलं, ‘घर बंद’, आणि पुढच्या दाराला गेले.



वेल्डर : किती वाजता?

शिंपीण : तीन. तीन-पाच असेल.

वेल्डर : डॉक्टर म्हणाले, चारच्या सुमारास गेली.

शिंपीण : माहीत आहे. अजून तीन वाजले की माझ्या हातातलं काम सुटतं.

वेल्डर : ती कडी लावत नव्हती, ताई. उन्हाळ्यात तर कधीच नाही. नुसतं ढकललं असतं तरी...

शिंपीण : बोला. वर्षभर वाट बघतेय, कुणीतरी बोलेल म्हणून.

वेल्डर : काय बोलू? तो पत्रा मी चढवला. कौलं उतरवून, माझ्या हातानं. गळतंय, गळतंय म्हणायची. म्हटलं, घे, आता थेंब येणार नाही. मग म्हणायला लागली, अरे, भट्टीत बसल्यासारखं होतं. मी म्हटलं, होईल सवय.

शिंपीण : तुमचं वेगळं आहे.

वेल्डर : काही वेगळं नाही. आणि तुमचा राग आलाय मला, खोटं कशाला बोलू. लवकर जाईलसं वाटत नाही.

शिंपीण : मग मलाच कशाला नेता? पुन्हा एखादं दार चुकलं तर?

वेल्डर : चुकेल. दोनशे दारं आणि आपण मूठभर. तुम्ही इथे बसलात तर दोनशेच्या दोनशे चुकतील.

शिंपीण : माझ्याच्यानं व्हायचं नाही, भाऊ. गेल्या आठवड्यात नुसती बघायला म्हणून गल्लीत गेले. पहिल्याच दारासमोर उभी राहिले आणि वाजवायला हातच उठेना. तशीच परत आले.

वेल्डर : वाजवू नका मग. तुम्ही वही धरा. दारं मी ढकलतो.

शिंपीण : लोक ओरडतील. न विचारता आत कसे शिरलात म्हणून.

वेल्डर : ओरडू देत. ओरडतायत म्हणजे जिवंत आहेत.