कात्रणाचं खालचं अर्धं

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, ज्यांनी या गावातल्या आजोबांना आणि नातवंडांना एकाच वाचनालयात गप्प बसायला शिकवलं त्या आदरणीय बातिमा-अपा. करागांडाहून मुद्दाम आलेले प्रमुख पाहुणे झानिबेक-मिर्झा. ‘सरोवरकाठ’ साप्ताहिकाचे संपादक तोलेगेन. मानाचा भरजरी शापान-झगा अंगावर घेऊन उकाड्यात मुकाट बसलेले आपले सत्कारमूर्ती सापरगाली, ज्यांना सगळं गाव मायेनं ‘सापेके’ म्हणतं. आणि तांब्याच्या भट्टीवरून, मासळीच्या बाजारातून, घरची कामं टाकून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी येरगाझी, तुमचा येरेके. इथल्या ‘तोलकिन’ चित्रपटगृहात मी यंत्रावर होतो. तुमच्यापैकी निम्म्यांनी पहिला सिनेमा माझ्या कृपेनं पाहिला आणि फिल्म तुटली की शिव्याही मलाच दिल्या. तेव्हा आपली ओळख जुनी आहे.

मला व्यासपीठावर का बोलावलं, असा प्रश्न काहींना पडला असेल. मी लेखक नाही, पत्रकार नाही. तोलेगेननं फोनवर सांगितलं, “येरेके, सापेकेंची एकच अट आहे. तुम्ही बोललात तरच ते सत्कार घेणार.” मी म्हटलं, बरं. आणि एक छोटंसं, गोड भाषण पाठ करून आलो. ते माझ्या खिशातच राहणार आहे. कारण आत्ता झानिबेक-मिर्झांनी सापेकेंचा ‘माझ्या विनोदानं मेलेली बाई’ हा लेख वाचून दाखवला, आणि सभागृह खदखदून हसलं. पाहुण्यांनी फार सुंदर वाचला, त्याबद्दल त्यांचे आभार. तुम्ही हसलात, त्यातही तुमची चूक नाही. पण त्या लेखाबद्दल मला थोडं बोलावं लागेल.

‘अडाण्याची प्रयोगशाळा’ हे सदर कुणाला माहीत नाही? शुक्रवारी अंक आला की आमच्या घरी तो आधी मागून उघडला जायचा. पावलं मोजणाऱ्या घड्याळांवर सापेकेंनी लिहिलं होतं, आमचे पूर्वज मेंढ्या मोजायचे, आता मेंढ्या उरल्या नाहीत म्हणून आपण स्वतःलाच मोजतोय. तुर्की मालिकांवर लिहिलं होतं की नायिकेची स्मृती जाते तिथपर्यंत ठीक, पण निर्मात्याचीही जाते आणि तो तीच गोष्ट पुन्हा सुरू करतो. आणि ती ‘सात तारे’ नावाची निळ्या केसांची गाणारी पोरं! सगळे एकदम रडतात, म्हणजे एकट्याचं रडणं पुरत नसणार, असं सापेकेंचं मत होतं. माझी बायको कुलपाश हे मोठ्यानं वाचायची, आणि हसताना तिला पुढचं वाचता यायचं नाही. मग मी वाचायचो.

कुलपाश तुम्हाला आठवत असेल. तिकिटाच्या खिडकीत बसायची ती. हिंदुस्थानी सिनेमा लागला की तिकिटं संपताच खिडकी बंद करून मागच्या रांगेत येऊन बसायची. हरवलेले भाऊ भेटले की रडायची. मी म्हणायचो, “अगं, कालही हेच भाऊ भेटले होते.” ती म्हणायची, “काल भेटले म्हणून आज भेटू नयेत का?” अशी बाई.

म्हातारपणी तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. वर्तमानपत्र सुटलं. आमच्या मुलीनं, आयनाशनं, तिला वाचून दाखवणारा फोन आणून दिला. कुणी काही पाठवलं की तो बाईच्या आवाजात वाचायचा, अगदी रेडिओवरच्या बातम्यांसारखा गंभीर. कुलपाशला तो फार आवडला. “येरगाझी,” ती म्हणायची, “ही बाई तुझ्यापेक्षा स्पष्ट बोलते, आणि मध्ये खोकत नाही.”

त्या उन्हाळ्यात घरात ‘सात तारे’ सुरू झाले. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. मी वैतागलो. “या वयात निळ्या केसांची पोरं कशाला हवीत तुला?” ती हसून म्हणाली, “रक्त स्वभावानंच भित्रं असतं, बरं का. तुला नाही कळायचं.” मला वाटलं, थट्टा करतेय. ती नेहमीच करायची.

शरद ऋतूत, अंगणात वाळत घातलेले कपडे काढताना ती खाली बसली, ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव. रक्तदाब फार चढला होता. गोळ्या चुकल्या होत्या का? मी म्हटलं, छे, कधीच नाही. मग आयनाशनं कपाटाचा खण उघडला. गोळ्यांची पाकिटं तशीच होती, न फोडलेली.

आयनाशनं आईचा फोन उघडला आणि त्या स्पष्ट बोलणाऱ्या बाईनं आम्हाला तो निरोप वाचून दाखवला. शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं आहे की ‘सात तारे’चं गाणं दिवसातून तीनदा ऐकल्यास रक्तदाब गोळ्यांशिवाय उतरतो. रक्त स्वभावानंच भित्रं असतं. एवढा आरडाओरडा कानी पडला की ते निमूटपणे वाहू लागतं. बस, एवढंच. खाली कुणाचं नाव नाही. तिच्या चुलतबहिणीनं पाठवला होता, तिला कुणी पाठवला देव जाणे.

पण मला ते वाक्य ओळखू आलं. कित्येक शुक्रवार मी त्या माणसाची वाक्यं वाचली होती.

मी ‘सरोवरकाठ’च्या कचेरीत गेलो. खोटं कशाला सांगू, मारायलाच गेलो होतो. सापरगाली चहा पीत होता. मी फोन त्याच्या पुढ्यात धरला आणि विचारलं, “हे तुझं?”

त्यानं ऐकलं, आणि तो हसला. आपलं जुनं वाक्य अवचित भेटलं की लेखकाला हसू येत असेल. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला.

“माझंच आहे. पण खालचं अर्धं कुठंय?”

“तेच विचारायला आलोय.”

त्यानं जुना अंक काढला. खालचं अर्धं असं होतं: हा शोध ज्या बैलावर लावला तो बैल त्या दिवसापासून ठार बहिरा आहे, तेव्हा वाचकहो, गोळ्या वेळेवर घ्या आणि गाणी शेजाऱ्याला ऐकवा. कुणीतरी कात्रणाचा फोटो काढताना बैल कापला होता. शेजारी कापला होता. आणि गोळ्याही.

“कोण गेलं, येरेके?” त्यानं विचारलं.

“कुलपाश.”

माझा हात उठला नाही. सापरगाली इतका पांढरा पडला होता की मारायला काही उरलंच नव्हतं.

चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला तो न बोलावता आला आणि दाराजवळ बसला. आयनाशनं त्याला चहा दिला.

त्यानंतरच्या शुक्रवारी त्यानं तो लेख लिहिला, जो आज तुम्ही ऐकलात. त्यात एकही विनोद नाही. मी ते लिहिलं, अर्धं पसरलं, एक बाई मेली, माझ्यावर विश्वास ठेवू नका, गोळ्या घ्या. एवढंच आहे त्यात. पण वर ‘अडाण्याची प्रयोगशाळा’ असं नाव होतं आणि कानात नरसाळं घातलेल्या माणसाचं ते चित्र होतं. गाव हसलं. मी पावाच्या दुकानात उभा होतो, तेवढ्यात तोही आला; दुकानदारीण त्याला म्हणाली, “सापेके, कमाल केलीत! ती मेलेली बाई म्हणजे तर... पोट दुखलं हसून!” तो पाव न घेताच बाहेर पडला.

पुढच्या आठवड्यात त्यानं चित्र काढून टाकायला लावलं आणि तेच पुन्हा लिहिलं. लोक म्हणाले, बघा, आता चित्रसुद्धा पळून गेलं, काय डोकं आहे! त्यानंतर त्यानं सदर बंद केलं. तोलेगेन, तुम्ही तेव्हा ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ असं छापलंत. तुमचा हेतू चांगला होता. पण कारण ते नव्हतं. त्या दिवसापासून हा माणूस तुमच्याकडे हवामान आणि मृत्यूच्या वार्ता लिहितोय, आणि एकाही वार्तेत एक शब्द जास्त नाही.

तो निरोप मात्र फिरतच राहिला. एकदा कळलं, सरोवराच्या पलीकडे एका म्हाताऱ्या घोडेवाल्यानं गोळ्या सोडल्या आहेत. सापरगाली माझ्या दारात येऊन उभा राहिला. “मी जातोय. येतोस?” का गेलो ते मला आजही सांगता येणार नाही. त्याच्या खिळखिळ्या गाडीतून दिवसभर धूळ खात गेलो.

म्हाताऱ्यानं आम्हाला बसवलं, घोडीचं आंबवलेलं दूध दिलं. सापरगालीनं सगळं समजावून सांगितलं. म्हातारा म्हणाला, “पण हे विज्ञान आहे. फोननं सांगितलंय. तू कोण?”

“ते मीच लिहिलंय, बाबा.”

“म्हणजे तू शास्त्रज्ञ?”

“नाही. मी विनोदी लेखक.”

“मग तुझ्यावर कसा विश्वास ठेवू?”

तेव्हा मी म्हणालो, “बाबा, मी कुणीच नाही. हे ऐकून जी मेली, तिचा मी नवरा.”

म्हाताऱ्यानं सुनेला हाक मारली, “गं, माझ्या गोळ्या आण.”

तेव्हापासून आम्ही दोघं जातो. कुठून कळलं की निघतो. तो सांगतो, लोक हसतात; मग मी सांगतो, आणि लोक गप्प होतात. काही जण गोळ्या घेतात. काही जण आम्ही दार ओलांडताच गाणं लावतात, ते आम्हाला अंगणात ऐकू येतं. गेल्या हिवाळ्यात एका घरी पोचलो तर तिथं आधीच सुतकाची माणसं जमली होती. आम्ही आत जाऊन जेवलो, आणि परतलो.

त्या दिवशी गाडीत त्यानं मला विचारलं, “येरगाझी, मला माफ केलंस का?” मी म्हटलं, “रस्त्यावर बर्फ आहे. समोर बघ.” त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही.

आता तो मुलीकडे कोकशेताऊला चालला आहे. छाती साथ देत नाही, थंडीतला प्रवास सोसत नाही. यापुढे त्या घरांत मला एकट्याला जावं लागेल, आणि सांगायची सुरुवात कुणी करायची, ते मला अजून कळलेलं नाही.

सापरगाली, तुला वाटत असेल, आज इतक्या लोकांसमोर मी ‘माफ केलं’ म्हणून टाकीन. कुलपाश असती तर तिनं कधीच म्हटलं असतं. सिनेमातल्या खलनायकाला ती मध्यंतराच्या आधीच सोडून द्यायची. मी तिच्याइतका चांगला नाही. मला अजून जमलेलं नाही. पण उद्या गाडी सुटताना मी स्टेशनवर येणार आहे, आणि तू गेल्यावर या गावात मला बोलायला माणूस नाही, एवढं खरं आहे.

संयोजकांनी मला बोलू दिलं, अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं नाही, आणि आपण सर्वांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. आनंदाच्या प्रसंगी नको ते बोललो असेन, कुणाला लागलं असेल, तर मला क्षमा करावी. ती करणं किती अवघड असतं, हे ठाऊक असूनच मागतो आहे.