उणे एकोणीस

रुम्याना : बाबा, रेडिओचा पडदा बघा. तुम्ही बोललात की एवढा रुंद पट्टा उमटतो. सत्तावीसशे हर्ट्‌झ.

दिमो : माझा आवाज आहे तो. रुंद असणारच.

रुम्याना : पण तेवढंच मोठं दार केस्तुतिसकाकांनी तिकडे क्लायपेदात त्यांच्या रेडिओवर उघडलं, की आवाजाबरोबर खरखरही आत शिरते. त्यांच्या शेजाऱ्याने छतावर सोलर पॅनेल बसवल्यापासून तर त्या खरखरीचं विचारूच नका.

दिमो : सहा रविवार झाले, माझा आवाज त्याला पोचत नाही. तुझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा बोलणं चुकलं नव्हतं आमचं.

रुम्याना : फोन करा मग.

दिमो : तीस वर्षांत नंबर मागितला नाही आम्ही एकमेकांचा. आता मागू?

केस्तुतिस (रेडिओवरून) : दिमो, क्लायपेदाहून केस्तुतिस. बोलत असलास तरी ऐकू येत नाहीस रे. नुसती खरखर. संगणक लावून बसलोय, त्यावर तरी ये.

रुम्याना : बघा! संगणकाचा पट्टा फक्त पन्नास हर्ट्‌झ. ताकद तीच, पण दार नुसतं किलकिलं. थांबा... गेलं. आणि उत्तरही आलं!

दिमो : काय म्हणतो?

रुम्याना : उणे एकोणीस.

दिमो : म्हणजे?

रुम्याना : तुमचा सिग्नल अगदी क्षीण, पण पोचला. आणि शुभेच्छा. बस, एवढंच मावतं त्यात.

दिमो : सहा आठवड्यांनी गाठ पडली, आणि उणे एकोणीस! उद्या कुणी तब्येत विचारली तर हेच सांगत जाऊ का?

रुम्याना : मग मोर्स करा. दीडशे हर्ट्‌झ, आणि मनात येईल ते बोला. जन्मभर वार्ना बंदराच्या जहाजांवर तेच केलंत ना?

दिमो : मोर्सची कळ गंजलीय.

रुम्याना : सकाळीच पुसून ठेवली मी.

दिमो : चीजची बानित्सा खा. गार होतेय.

रुम्याना : टाळू नका. आणि घरात थंडी नाही, मग हात खिशात कशाला?

केस्तुतिस : दिमो, पडद्यावर तुझी खूण उमटली. जिवंत आहेस, कळलं. पण ते यंत्र बोललं, तू नाही. आजही असंच झालं तर मी रविवारचं दुकान बंद करतो. एकट्याने किती बडबडायचं?

रुम्याना : ऐकलंत?

दिमो : वार्नात नुसती टिकटिक ऐकून, डोळे मिटून ओळखायचे माझा हात. त्याला असला हात कसा ऐकवू?

रुम्याना : असला म्हणजे कसला?

दिमो : सरक बाजूला.

(दिमो कळेवर हात ठेवतो. टिकटिक अडखळते, थांबते, पुन्हा सुरू होते.)

रुम्याना : बाबा, संगणकाला एक अक्षरही लागत नाहीये.

दिमो : केस्तुतिसला लागेल.

केस्तुतिस : आलास! सगळं कळलं. नावातली पहिली रेघ अजून तशीच ओढतोस, गाढवा! पण दिमो... हात कधीपासून थरथरतोय?

रुम्याना : सांगा ना.

दिमो : सांगितलं की तू मला सोफियाला नेणार. तुझ्या आठव्या मजल्यावर अँटेना कुठे लावू?

रुम्याना : कधीपासून, बाबा?

दिमो : मार्चपासून.

रुम्याना : अँटेना इथेच राहील. आता त्यांना कळवा, सावकाश. मी कॉफी ओतते. तुम्हाला अर्धाच कप.