दाजी, फुंका!

मंडळी, मला एक सांगा — आपली वाट अडवणारा माणूस आपला वैरी, का सोयरा? बरं, ऐका!

सोपान घाडगे. वडापची जीप चालवायचा, गावोगावची माणसं न्यायचा-आणायचा. हात साफ, स्वभाव गोड! खोड एकच — लग्नाची पंगत उठली, की मांडवामागं जाऊन यायचा. मांडवामागं काय असतं? मला नका विचारू — ते मागं बसलेले हसतायत ना, त्यांना विचारा!

असंच एक लग्न उरकलं. भर दुपार. जीपमध्ये वऱ्हाडाच्या बाया, पुढं बायको रखमा, मांडीवर लेक. घाटाच्या पायथ्याला पोलीस! हवालदार कोण? शेवंता — रखमाची चुलतबहीण!

सोपान हसला, "अगं मेव्हणे, घरचीच गाडी हाय. सोड की!"

पूर्वी सुटलाही असता. आता कायदा कडक! तिनं यंत्र पुढं धरलं.

"दाजी, फुंका."

"भर रस्त्यात अपमान करतीस व्हय?"

"फुंका, दाजी."

फुंकलं — यंत्र बोंबललं! जीप तिथंच, कोर्टात दंड, सहा महिने लायसन बंद! वऱ्हाड एसटीनं घरी. सोपाननं शेवंताचं नाव टाकलं.

त्याचा जोडीदार, दुसरा जीपवाला महिपती — लई हुशार! घाटात पोलीस असतात, म्हणून पिऊन कालव्याच्या रस्त्यानं जीप घातली. समोर दूधवाले गणूअण्णा, सायकलवर. उडवलं! लायसन बंद, म्हणून सोपान कालव्याकाठच्या रानात राबत होता, तोच धावला. अण्णांचा जीव वाचला, पाय गेला. दवाखान्यात महिपती एकच म्हणत होता — "दिसलंच न्हाई रं मला!"

सोपान घरी आला. अंगणात लेक लंगडी खेळत होती. बघत बसला. मग रखमाला म्हणाला, "शेवंताला जेवाय बोलीव."

ती आली. सोपान खाली मान घालून म्हणाला, "त्या दिवशी मलाबी वाटत हुतं — आपल्याला सगळं दिसतंय."

शेवंता म्हणाली, "दाजी, मलाबी सोडून द्यावं वाटलं हुतं. पण पोरगी दिसली मांडीवर."

मंडळी, त्या घाटात दर लगीनसराईला एखादी गाडी दरीत जायची. तपासणी कडक झाली, तशी यंदा एकही गेली नाही. पण कालव्यावर कोण उभं राहणार? पोलीस किती वाटांना पुरणार?

उद्या तुमच्याच दारात सख्खा मेव्हणा पिऊन गाडीकडं निघाला — "चावी द्या" कोण म्हणेल? हात वर करा!

...बघा! सगळे हात बायांचेच! बाप्यांनो, मी थांबलोय.