मागचा दांडा

(फिलिपिन्समधला पांपांगा प्रांत. म्हाताऱ्या सिमोचं, सगळ्यांच्या ‘तातांग’चं, पूल या टेबलावरच्या खेळाच्या काठ्यांचं दुकान. सकाळ. जुनेल आणि त्याची ‘आत्सी’, म्हणजे थोरली बहीण, लुविंग.)

जुनेल : मिळाली. हीच. आत्सी, ठरलं. चल.

लुविंग : सुटले. तातांग, बांधा ती.

जुनेल : कुठली?

लुविंग : हातात आहे ती.

जुनेल : ही? ही मी नुसती धरलीय. पडू नये म्हणून.

लुविंग : आत्ता म्हणालास, ठरलं.

जुनेल : मी? सकाळपासून मी काहीही ठरवलेलं नाही. तातांग, मी काही बोललो?

तातांग सिमो : मला विचारू नका. लेथच्या आवाजानं माझे कान गेलेत. गिऱ्हाईक ‘ठरलं’ म्हणतं तेव्हा तर अजिबात ऐकू येत नाही, कारण नंतर ते फिरतंच. काय खटकलं, पोरा?

जुनेल : नाक जड आहे.

लुविंग : काठीला नाक?

तातांग सिमो : पुढचं टोक खाली ओढतंय म्हणतो तो. बोटावर आडवी धर. हां. मुठीच्या पुढं वीतभर, तिथं तोल येतोय. तिथंच यायला हवा. बरोबर आहे.

जुनेल : बोटावर बरोबर आहे. हातात नाही.

लुविंग : तुझं बोट दुसऱ्या कुणाच्या हाताला आहे का रे?

जुनेल : आत्सी, तू बाहेर बस जरा.

लुविंग : बाहेर ऊन आहे आणि तातांगचा कोंबडा माझ्या चपलेकडे बघतोय. तीनला तुझा सामना. उद्या आजोबांचं दफन. मधे मला घरी जाऊन आंघोळ करायचीय, केसांना मेणबत्त्यांचा वास बसलाय. आणि तू काठ्यांना नाकं शोधतोयस.

तातांग सिमो : सामना? अंबोला अजून पुरलंही नाही आणि सामना?

जुनेल : चॅपलच्या अंगणात. टेबल तिथंच आहे ना, शवपेटीपासून चार पावलांवर. रात्री त्यांच्याबरोबर खेळणारा पोल्दो उठला, टोपी काढली, म्हणाला, अंबोच्या नावानं एक डाव होऊ द्या. बायका रडल्या. पाद्री म्हणाले, केवढी ही मैत्री. मग पोल्दो म्हणाला, जिंकेल त्याला खुर्ची.

तातांग सिमो : कुठली खुर्ची?

जुनेल : लोलोंची, आजोबांची. टेबलाशेजारची, जिच्यात बसून ते शिकवायचे.

तातांग सिमो : ती प्लॅस्टिकची? जिचा एक पाय बांबूचा आहे?

जुनेल : तीच.

तातांग सिमो : तिच्यात पोल्दो मावत नाही.

लुविंग : मी हेच म्हणाले. मला सगळ्यांनी गप्प बसवलं.

जुनेल : मावो न मावो. उद्या लोलोंना पुरून परत यायचं, आणि तिथं पोल्दो बसलेला. कानामागे खडू. ‘ये जुनेल, शिकवतो तुला.’ मी नाही बघणार ते. मी गाव सोडीन.

लुविंग : गाव कसला सोडतोस, तुला बसमध्ये उलटी होते.

तातांग सिमो : ही घे. कामागोंगची. काळं लाकूड, मागे वजनदार. टेबलावर लोळवून बघ.

जुनेल : सरळ आहे.

तातांग सिमो : सरळच असणार. माझ्या दुकानात वाकडा फक्त मी आहे. आता झोक दे. कशी वाटते?

जुनेल : छान. खूप छान. हीच. ठरलं.

लुविंग : तातांग, पटकन बांधा.

जुनेल : काय बांधताय?

लुविंग : हे बघा. मला आता कळलं काय चाललंय ते. चूक माझीच. मी म्हणत होते, पगपगला बेकरीत थांबू. गरम पाव, कॉफी, दहा मिनिटं आणि घरी.

तातांग सिमो : तुम्ही पगपग करताय? इथं?

लुविंग : हा म्हणाला, तातांगकडे थांबू, तेवढीच काठीही होईल. मी झोपेत हो म्हणाले. मयताच्या ठिकाणाहून थेट घरी जायचं नाही, वाटेत कुठंतरी थांबायचं, म्हणजे मेलेला माणूस मागोमाग आलाच तर कंटाळून तिथंच राहील. आणि आपल्या आजोबांना कंटाळा यावा म्हणून यानं त्यांना कुठं आणलं? काठ्यांच्या दुकानात.

तातांग सिमो : अरे देवा.

लुविंग : ते इथून हलतील का?

तातांग सिमो : जिवंतपणी हलायचा नाही. बायको हाक मारायला यायची, तेव्हा त्या लेथमागे लपायचा. उगाच नाही सकाळपासून पट्टा दोनदा निसटला.

जुनेल : पट्टा जुना आहे.

तातांग सिमो : अंबोही जुनाच होता.

लुविंग : म्हणून एकही काठी याच्या हाताला लागत नाही. आजोबा प्रत्येकीत खोट काढतायत. ही हलकी, ती जड, हिला नाक. त्यांचंच बोलणं आहे हे. जुनेल, काठी ठेव. बेकरीत चल. आपण पहिल्यापासून पगपग करू.

तातांग सिमो : थांब गं. पोरा, अंबोची स्वतःची काठी कुठं गेली? तू आयुष्यभर तीच वापरलीस.

जुनेल : शवपेटीत ठेवली. मीच ठेवली.

लुविंग : मावशी म्हणाली, मेलेल्याच्या हातातली जपमाळ तोडतात ना, म्हणजे मरणाची साखळी तुटते, घरातलं दुसरं कुणी मागोमाग जात नाही. मग काठीही अख्खी नको. तीही मधे उघडा. दोन तुकडे, दोन बाजूंना.

तातांग सिमो : मधले आटे मीच पाडले होते. पितळेचे. मग?

जुनेल : मग काय. उघडली. ठेवली.

तातांग सिमो : जुनेल, बस जरा. स्टूल ओढ.

जुनेल : नको.

तातांग सिमो : आल्यापासून उभा आहेस.

लुविंग : रात्रभर उभाच होता. प्रार्थनेला सगळे बसले, हा उभा. पाद्री म्हणाले, अशी भक्ती तरुणांत दिसत नाही. सकाळी चालताना पाय वाकवेना, तर मावशीनं गुडघ्याला तेल चोळलं. मावशीला वाटलं, दुःख गुडघ्यात उतरलंय.

तातांग सिमो : उजवा पाय?

लुविंग : उजवा.

तातांग सिमो : काढ बाहेर.

जुनेल : काय?

तातांग सिमो : पँटमधून. सावकाश, टोक मोडेल.

लुविंग : जुनेल. हे काय आहे?

जुनेल : पुढचा दांडा.

लुविंग : आजोबांचा?

जुनेल : मागचा त्यांच्यापाशी आहे. उजव्या हाताशी. डाव्या हाताशी मी छत्रीची काडी ठेवली. चादर वर घेतली. कुणाला कळलं नाही.

लुविंग : तू आजोबांना छत्रीची काडी देऊन पाठवतोयस.

जुनेल : उपयोगी आहे.

लुविंग : अर्धी काठी त्यांच्याकडे, अर्धी तुझ्या चड्डीत. आणि मी इथं बसून पगपग करतेय. तातांग, तुमच्या कोंबड्यालासुद्धा कळलं असतं.

तातांग सिमो : तो म्हणूनच बघत होता. आण इकडे. आटे अजून छान आहेत. म्हणजे तू अख्खी काठी घ्यायला आलाच नव्हतास. तू याला मागचा दांडा शोधतोयस.

जुनेल : सांगणार होतो. ही गेली की.

तातांग सिमो : हा लाव. कामागोंगचा.

जुनेल : हलका.

तातांग सिमो : तळाला शिसं घालतो. आता?

जुनेल : अजून.

तातांग सिमो : आता?

जुनेल : अजून थोडं.

तातांग सिमो : अजून घातलं तर म्हशीला जुंपावी लागेल. तोल मुठीतच आलाय, बघ. याच्या मागे जागाच नाही. अंबोचा दांडा एवढा जड कधीच नव्हता, माझ्या हातानं केलाय मी तो.

जुनेल : मला नेहमी जड लागायचा.

तातांग सिमो : कधीपासून?

जुनेल : टेबलापाशी उंची पुरत नव्हती, तेव्हापासून. खोक्यावर उभा करायचे. पुढे माझा हात, मागे त्यांचा. मला वाटायचं, मीच मारतोय. नंतर त्यांनी हात काढला असेल कधीतरी. मला कळलं नाही. परवापर्यंत कळलं नाही.

तातांग सिमो : तसला मागचा दांडा माझ्याकडे नाही, पोरा.

लुविंग : ते शिसं काढा, तातांग. आधी होता तसाच द्या.

जुनेल : त्यानं मी हरेन.

लुविंग : हरशील कदाचित. पोल्दो चांगला खेळतो, फक्त माणूस म्हणून वाईट आहे. एक मारून दाखव. तो आठ नंबर, त्या कोपऱ्यात.

तातांग सिमो : अंबोसारखा अर्ज कर आधी. काय म्हणायचा तो? बारांगायच्या, म्हणजे गावच्या कचेरीत जन्मभर लोकांचे अर्ज लिहिले, मग बॉललाही अर्जच. ‘माननीय आठ नंबर यांस, आपण उजव्या कोपऱ्यात पदार्पण करावे, ही विनंती.’

लुविंग : आणि बहुतेकदा जायचा नाही.

तातांग सिमो : अर्ज म्हटला की वेळ लागतोच.

जुनेल : माननीय आठ नंबर यांस… आपण… आपण… नाही. मला नाही येत. आत्सी, तू हसू नको.

लुविंग : मी हसत नाहीये. वाक. कोपर खाली. तू मार, अर्ज मी करते. पण आठ नंबरला नाही.

जुनेल : मग कुणाला?

लुविंग : मार तू. माननीय अंब्रोसिओ यांस. विषय, आपले पुढील प्रस्थान. आपण सध्या सिमो यांच्या दुकानात, बहुधा लेथमागे, मुक्कामी असल्याचे आमच्या निदर्शनास आले आहे. बेकरीत जाण्याचा बेत अर्जदारांनी रद्द केला आहे. तरी आपण अर्जदारांच्या मागोमाग यावे व आपली खुर्ची, आजच्या सामन्याचा निकाल काहीही लागला तरी, कोणत्याही कारणास्तव रिकामी करू नये, ही नम्र विनंती.