स्ट्रॉबेरीच्या वासाचा हायलायटर

...आणि वर तिलाच विचारतायत, "मॅडम, तुम्ही नक्की कुठल्या बाजूच्या?" बाजू! अहो, रस्सीखेच चाललीय का इथे? तुम्हाला सांगतो, आमची ताई, माझी सख्खी थोरली बहीण, बायकांचे केस कापायचं दुकान चालवते, दिवसभर कात्री आणि तोंड दोन्ही चालू, तिच्या खुर्चीतून एकही बाई मत बदलल्याशिवाय उठलेली नाही... आणि अशा बाईला शहर समितीच्या सभेत एक बिल्लेवाला गृहस्थ दारातच अडवतो! हॉलमध्ये दोन माइक, दोन रांगा. डावीकडे 'ई-सिगारेटवर बंदी हवी', उजवीकडे 'बंदी नको'. भारतात ही बंदी कधीच झाली, आम्ही राहतो त्या देशात अजून वाद चाललाय. आणि ताई मधोमध!

थांबा, आधी घरचं सांगतो, नाहीतर म्हणाल हा कुठून कुठे चाललाय.

आमचे भाऊजी, ताईचे यजमान. जिना चढायला लागले की वरच्या मजल्यावर आधी खोकला पोचायचा, मग भाऊजी. सिगारेट सोडवायचे सगळे उपाय झाले, गोळ्या झाल्या, निकोटिनच्या पट्ट्या झाल्या, ताईचं बोलणं झालं... ढिम्म! शेवटी त्यांनी ती ई-सिगारेट आणली, बॅटरीवर चालणारी नळी हो, वाफ ओढायची, आणि सुटली की सिगारेट! खोकला गेला. ताई त्या नळीला जावयासारखं जपायला लागली.

मग भाची. पंधरा वर्षांची. तिच्या खोलीला स्ट्रॉबेरीचा वास यायला लागला. ताई खूश! गिऱ्हाइकांना सांगायची, "पोरगी टापटीप राहायला लागली हो, कसलासा छान शॅम्पू वापरते!" शॅम्पू म्हणे! आणि एक दिवस शाळेतून फोन. मुख्याध्यापिकाबाई, आवाज असा की फोनलाही सरळ बसावंसं वाटेल. "आपल्या कन्येच्या कंपासपेटीत हायलायटर सापडला." ताई म्हणाली, "मग? शाळेत हायलायटर नाही तर काय कढई सापडणार?" "मॅडम, हा हायलायटर ओढतात." झालं! पोरगी निलंबित, बसा घरी!

ताईने फैलावर घेतलं, तर भाची उलट विचारते, "बाबा ओढतात ते औषध, आणि मी ओढते ते व्यसन?" भाऊजी खिशातली नळी खोल खोल खुपसत राहिले, शेवटी खिसा उसवला. आणि मग... इथे हसू नका हं... ती पोरगी ताईच्या कुशीत शिरून हमसून हमसून रडायला लागली. "आई, मैत्रिणी ओढत होत्या म्हणून गंमत म्हणून ओढली गं. आता एक तास नीट बसवत नाही. हात कापतात. मला सोडायचीय, सुटत नाहीये." ज्या वासाचं कौतुक करत हिंडली, तो वास! दुसऱ्या दिवशी दुकानातल्या शॅम्पूची बाटली उघडवेना तिला.

म्हणून सभेला आली. गाडी माझी, मागे भाऊजी आणि भाची, दोघं दोन खिडक्यांकडे तोंडं करून. आणि तिथे हा बिल्लेवाला! "मॅडम, तुम्ही नक्की कुठल्या बाजूच्या? रांग अडतेय." ताईने काय करावं? एक खुर्ची ओढली, फरशीवर कर्रर्र करत, थेट दोन्ही माइकच्या मध्ये नेली, बसली, आणि एका हाताने डावा माइक खेचला, दुसऱ्याने उजवा!

आधी नळ्या बनवणारा कंपनीवाला. गुळगुळीत माणूस, आवाजही गुळगुळीत. "आमचं उत्पादन केवळ प्रौढांसाठी आहे." ताई म्हणाली, "हे बघा प्रौढ!" आणि भाऊजींना उभं केलं. "टक्कल पडलंय, गुडघे वाजतात. यांना गुलाबी नळी लागते का? कंपासपेटीत लपवायचीय का यांना? मग ती हायलायटरसारखी कुणासाठी काढलीत?" डावीकडे टाळ्यांचा कडकडाट. ताई गर्रकन डावीकडे वळली. "टाळ्या नंतर! उद्या हे सरसकट बंद केलंत तर हा माणूस जाणार कुठे? कोपऱ्यावर सिगारेट मिळतेच आहे की! तिच्या बंदीचं नाव काढत नाही कुणी!" आता टाळ्या उजवीकडे. अध्यक्ष घंटा बडवतायत, "मॅडम, तुम्ही नक्की कुठल्या बाजूच्या?"

"घरच्या!" ताई ओरडली. "घरात दोघं आहेत. एक या नळीमुळे तरलाय, एक या नळीमुळे बुडतेय. सांगा, कुणाचा हात सोडू?"

मग अध्यक्ष, अगदी हळू, "मॅडम... वेळ संपली, खाली बसा." "बसलेलीच आहे!"

तेवढ्यात मागून भाची आली. कुणी बोलावलं नव्हतं. माइकशी उभी राहिली. "मला शाळेने घरी पाठवलं. घरी काय केलं सांगू? दिवसभर ओढली. शाळेत निदान तास तरी असतात." ताई पहिल्या रांगेतल्या मुख्याध्यापिकाबाईंकडे बघून म्हणाली, "बाई, शिक्षा करा, वर्ग झाडून घ्या, पण हिला आत घ्या. तोवर ही खुर्ची हलणार नाही." आणि नाही हलली! सभा संपली, लोक खुर्च्या रचायला लागले, ताई बसलेलीच. शेवटी मुख्याध्यापिकाबाई आल्या, आवाज पहिल्यांदाच खाली. "उद्या पाठवा. रोज शाळेच्या नर्सला भेटू दे." आणि बंदी? पुढे ढकलली. अभ्यास करणार म्हणे. करा!

परतताना भाऊजींनी घसा खाकरला. "पोरीने सोडायची आणि मी तिच्यासमोर ओढायची, बरं दिसत नाही. मीही सोडतो." भाची म्हणाली, "पण सिगारेटवर गेलात ना बाबा, तर बघा!" ताईचे डोळे भरले, माझेही भरले, गाडी दुभाजकावर चढता चढता वाचली.

गोड झालं ना सगळं? अहो, कसलं गोड! एका घरात दोन माणसं एकदम व्यसन सोडतायत! दारं आपटतायत, पेन्सिली चावतायत, भाऊजींनी शर्टाची बटणं चावून तोडली. भाची म्हणते बाबा श्वास मोठ्याने घेतात, भाऊजी म्हणतात ही पानं मोठ्याने उलटते. सुटतेय हं, दोघांचीही सुटतेय, थोडी थोडी. आणि ताई? अख्ख्या समितीला न घाबरलेली आमची ताई? परवा बॅग घेऊन आमच्या दारात! "यांचं होईपर्यंत मी इथेच." आता पलंगावर ती आणि माझी बायको, गॅलरीत मी. आणि काल बायको मला काय म्हणाली असेल? "अहो, तुम्हाला कसलंच व्यसन कसं नाही हो? सोडायला घेतलं असतंत, तर मलाही जरा कुणाकडे जाऊन राहता आलं असतं!"